जुन्या घड्याळाची तबकडी रंगवू नये

१/ जुन्या मनगटी घड्याळांच्या संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ आहे. तो गौरवाचा नाही. मूळ तबकडी खरवडून नव्याने रंगवलेले, निरनिराळ्या घड्याळांचे काटे नि सुटे भाग जोडलेले आणि तरीही ‘अस्सल जुने’ म्हणून विकले जाणारे घड्याळ, असा त्याचा अर्थ.

२/ या नावात कारागिरांवर अन्याय आहे आणि या व्यवहारात इतिहासाची हानी आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात.

३/ आधी कारागिरांविषयी. एके काळी भारतात मनगटी घड्याळ म्हणजे परदेशातून आलेली मौल्यवान वस्तू होती. ‘फेवर ल्युबा’सारख्या स्विस कंपनीचा मुंबईशी व्यापार एकोणिसाव्या शतकापासूनचा. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या ‘सिटिझन’ कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला कारखाना काढला. तिथे तयार झालेल्या पहिल्या घड्याळांचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ‘जनता’सारखे चावीचे घड्याळ पुढे घरोघरी पोहोचले.

४/ तरीही घड्याळ ही टाकून देण्याची वस्तू झाली नाही. लग्नात मिळालेले घड्याळ निवृत्तीपर्यंत मनगटावर असे. समुद्रकाठच्या दमट हवेने तबकडी डागाळली, आकडे पुसट झाले, तर ती रंगवून घेणे ही साधी दुरुस्ती होती. मालकाला ते ठाऊक असे. कोणाची फसवणूक होत नसे. घड्याळे दशकानुदशके चालती ठेवणाऱ्या या कारागिरांना आज बनावटीच्या नावाने ओळखले जाते, हे न्यायाचे नाही.

५/ दोष आहे तो लपवणाऱ्या विक्रेत्याचा. भडक रंगाची, कारखान्याने कधीही न छापलेल्या चिन्हांची तबकडी बसवायची आणि ‘दुर्मीळ आवृत्ती’ म्हणून ती दूरच्या ग्राहकाला विकायची, ही दुरुस्ती नव्हे.

६/ आता हानीविषयी. तबकडी हा कागदपत्रासारखाच पुरावा असतो. उदाहरणार्थ, अंधारात चमकणारे आकडे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांसाठी रेडियमयुक्त रंग वापरत. १९६० च्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियम वापरलेल्या अनेक स्विस घड्याळांच्या तबकडीवर अगदी तळाशी रोमन लिपीतले ‘टी’ हे अक्षर दिसते. १९४० च्या दशकातील घड्याळावर हे ‘टी’ आढळले, तर तबकडी मूळची नाही हे उघड होते. अभ्यासक शिलालेखाच्या अक्षरवळणावरून काळ ठरवतात, तसाच हा प्रकार.

७/ रेडियमचा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात अशा तबकड्या रंगवणाऱ्या तरुणी ब्रशाचे टोक ओठांनी टोकदार करत. त्यांपैकी अनेकींना जबड्याच्या भीषण विकारांनी ग्रासले, कित्येक दगावल्या. रेडियमची चमक काही वर्षांत मावळते, किरणोत्सार मात्र शतकानुशतके राहतो. अशी तबकडी खरवडणारा आजचा कारागीर ती धूळ श्वासात घेतो. त्याला हे कोणी सांगत नाही.

८/ भारतीय घड्याळांबाबत हानी अधिक गंभीर आहे. एचएमटीची घड्याळनिर्मिती बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. एका अस्सल तबकडीवर रंग चढला की त्या कारखान्यातील एका काळाचे काम कायमचे पुसले जाते.

९/ बाजाराचा न्यायही हेच सांगतो. अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स ‘डेटोना’ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १,७७,५२,५०० डॉलरना विकले गेले. त्याच्या पाठीवर पत्नीने कोरून घेतलेला, जपून गाडी चालवण्याचा संदेश होता. ते झिजले आहे म्हणून कोणी ते घासून गुळगुळीत केले नाही. ती झीज हीच मालकाची खूण होती.

१०/ आक्षेप येईल की घड्याळ वापरण्यासाठी असते, संग्रहालयासाठी नव्हे. ते खरेच आहे. म्हणूनच यंत्र उघडून स्वच्छ करावे, तेल द्यावे, तडकलेली काच आणि पट्टा बदलावा. या कामांनी घड्याळ चालते होते आणि पुरावाही टिकतो. रंगाने घड्याळ अधिक अचूक चालत नाही. फक्त नवे दिसते.

११/ आजोबांचे घड्याळ दुरुस्तीला देताना ‘तबकडीला हात लावू नका’ एवढे सांगणे पुरेसे आहे. आकडे चमकणारे असतील, तर ते रेडियमचे असू शकतात हेही सांगावे. तबकडी पूर्वीच रंगवलेली असेल, तर तीही जपावी. कधी व कोणी रंगवली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. आणि विकायची वेळ आली, तर ती नोंद घड्याळासोबत द्यावी.