खणातला फोन पुन्हा कामाला

आपल्या खणात एखादा जुना अँड्रॉइड फोन पडून असेल. यंत्र धडधाकट असते. पण निर्मात्याकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे थांबले, म्हणून आपण तो टाकून देतो. अशा फोनवर निराळी कार्यप्रणाली बसविता येते. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉडचे काम थांबले व त्याच पायावर उभी राहिलेली लिनिएजओएस ही अशीच एक विनामूल्य प्रणाली होय.

प्रथम मॉडेलचा क्रमांक ताडून पाहावा. नावे सारखी वाटली तरी एका फोनची प्रणाली दुसऱ्यास चालत नाही. मग बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या आज्ञावलीचे, कुलूप उघडावे लागते. काही कंपन्या ते उघडूच देत नाहीत. उघडले, की आतील सर्व माहिती पुसली जाते. म्हणून मुलाबाळांची छायाचित्रे आधीच अन्यत्र उतरवून ठेवावीत.

बँकांची काही अ‍ॅप्स अशा फोनवर चालत नाहीत. तेव्हा ज्या फोनवर घरचे व्यवहार होतात, त्यावर हा प्रयोग करू नये. खणातल्या फोनवर अवश्य करावा. मुलांच्या अभ्यासाला तो पुन्हा उपयोगी पडेल.