माऊस, मांडणी आणि विश्रांती: संगणक चालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांस

विषय: नकाशा संगणकीकरणाच्या कामात चालकांच्या हातावर येणाऱ्या ताणाबाबत.

महोदय,

स्कॅन केलेल्या नकाशावर जमिनीची हद्द उमटवताना तिच्या प्रत्येक वळणावर एक क्लिक द्यावा लागतो. आठ तासांच्या पाळीत हेच काम चालते. मनगट, कोपर व खांदादुखीच्या लेखी तक्रारी सभासदांनी वारंवार दिल्या. त्यांवर कार्यवाही झालेली नाही. हा ताण साधनातून आणि टेबलाच्या मांडणीतून येतो, म्हणून उपायही तिथेच झाला पाहिजे.

1. माऊस. सपाट माऊस धरताना तळहात खाली वळतो, कोपरापुढची दोन हाडे एकमेकांवर तिरकी येतात आणि त्यांना तसे धरून ठेवणारे स्नायू आखडलेले राहतात. बोट बटणावर अधांतरी राहिल्याने मनगट उचलणाऱ्या स्नायूंनाही उसंत मिळत नाही. हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा तशा स्थितीत धरता येणाऱ्या उभ्या माऊसने हा पीळ कमी होतो.
मागणी: प्रत्येक चालकास सपाट, उभा व ट्रॅकबॉल यांतून निवड मिळावी. पंजाच्या मापानुसार लहान-मोठे आकार आणि डावखुऱ्यांसाठी डाव्या हाताचे माऊस उपलब्ध असावेत.

2. कीबोर्ड व खुर्ची. नंबर पॅडमुळे माऊस उजवीकडे सरकतो, हात अंगापासून लांब राहतो आणि खांदा भरून येतो. आमच्या कामात नंबर पॅड क्वचितच लागतो.
मागणी: नंबर पॅड नसलेले कीबोर्ड आणि कोपर टेकता येईल अशा, उंची कमी-जास्त होणाऱ्या खुर्च्या द्याव्यात.

3. कामाचे तास. डेन्मार्कमधील सुमारे 7,000 तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्याला 30 तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत कोपरापुढील हाताचे दुखणे नव्याने सुरू होण्याचा धोका वाढलेला आढळला. पडद्यावरच्या कामात ठरावीक वेळाने विश्रांती किंवा कामात बदल द्यावा, असे युरोपीय समुदायाने 1990 सालीच बंधनकारक केले.
मागणी: दर 50 मिनिटांनी 10 मिनिटे विश्रांती मिळावी. माऊसचे काम आठवड्याला कमाल 30 तास असावे; उरलेला वेळ छापील नकाशांची पडताळणी व नोंदींसाठी द्यावा.

4. उद्दिष्ट. नव्या माऊसवर हात बसेपर्यंत वेग घटतो. त्याचा भुर्दंड चालकावर पडू नये.
मागणी: पहिले चार आठवडे दैनिक उद्दिष्ट 20 टक्क्यांनी कमी करावे; वेतन व प्रोत्साहन भत्ता पूर्ण द्यावा.

5. उपचार. दुखणे अंगावर काढून काम करणाऱ्याचा आजार बळावतो.
मागणी: तक्रारीनंतर सात दिवसांत संस्थेच्या खर्चाने तपासणी व्हावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार हलके काम मिळावे. कंत्राटी चालकांनाही हे लागू असावे.

या मागण्या व्यवहार्य आहेत. खुर्ची व कीबोर्ड दोन्ही पाळ्यांना सामाईक असतात. माऊस तेवढा प्रत्येकाचा वेगळा लागेल. तक्रार नोंदवलेल्यांना 30 दिवसांत आणि उर्वरित सर्वांना 90 दिवसांत साहित्य पुरवावे.

इजा वा व्यावसायिक आजार होणार नाही अशी कामाची जागा पुरवणे हे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 नुसार नियोक्त्याचे कर्तव्य आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे व चर्चेची तारीख कळवावी. तसे न झाल्यास संघटना हे प्रकरण कामगार आयुक्तांकडे नेईल.

आपले,
अध्यक्ष व सरचिटणीस,
संगणक चालकांची संघटना