स्वप्नातली गाडी आणि बटाट्याच्या दोन सऱ्या

आमच्या खोलीच्या भिंतीवर गेली दोन वर्षे एक गाडी उभी आहे. गाडी म्हणजे गाडीचे चित्र. पण आम्ही तिला चित्र म्हणत नाही. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगमधून उरलेल्या चार शीटा एकमेकींना चिकटवून आम्ही तिघांनी ती उभी केली. तिघे म्हणजे मी, निपाणीकडचा एक मित्र आणि तिला ‘कनसिन गाडी’ म्हणणारा एक धारवाडकडचा. या गाडीत बसून आम्ही स्पितीचे खोरे पालथे घातले आहे, कच्छच्या रणात मुक्काम केला आहे, आणि थर्मोडायनॅमिक्सच्या पेपराच्या आदल्या रात्री तर सहाराच्या मध्यावर जाऊन पोचलो होतो. पेपराचे काय झाले, तो भाग अलाहिदा.

गाड्यांचे वेड असलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात अशी एक गाडी असतेच. रस्ता संपला तरी न थांबणारी, नदीनाल्याला न भिणारी, घर पाठीवर घेऊन हिंडणारी. बेळगावच्या मुलाला हे वेड जरा लवकरच लागते, कारण कॅम्पातून शाळेला जाता-येता लष्कराची हिरवी वाहने रोज दिसतात. आमच्या काकांच्या पिढीने जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा पाहिली आणि ते तिच्यावर भाळले. आम्ही जिप्सी पाहिली. या स्वप्नाला माझा आक्षेप नाही. माझे म्हणणे इतकेच की, आपण त्याची सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो. गाडीत काय काय असावे, हा पहिला प्रश्न नव्हे. ती कुठल्या वाटेवर, कुणासाठी चालायची आहे, हा पहिला प्रश्न आहे. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते उद्यमबागेत आले, आणि तेही चारचौघांत फजिती होऊन.

झाले असे. गेल्या वर्षी आमची गाडी ‘पूर्ण’ झाली. दीड टन, म्हणजे १५०० किलो भार वाहणारी एक पिकअप आम्ही मनाने विकत घेतली होती आणि तिच्यावर सगळा संसार मांडला होता. पत्र्याची व लोखंडी कोनांची खोली, आत झोपायच्या फळ्या, ओटा, कपाटे, दोनशे लिटर पाण्याची टाकी, डिझेलच्या दोन टाक्या, दोन मोठ्या बॅटऱ्या, टपावर सौर तावदाने व तंबू, पुढे विंच, मागे दोन जादा चाके. उद्यमबागेत जिथे मी सुटीत कामाला जात असे, तिथल्या मिस्त्रींना हा नकाशा मोठ्या अभिमानाने दाखवला. मिस्त्री पासष्टीच्या घरातले. चाळीस वर्षे क्रँकशाफ्ट घासून त्यांच्या बोटांना मायक्रोमीटरची जाण आलेली. त्यांनी चष्मा वर केला, सगळे नीट पाहिले, चहा मागवला आणि म्हणाले,

“झकास आहे रे पोरांनो. पण रुतली तर ढकलतंय कोण?”

आम्ही विंचकडे बोट दाखवले. ते म्हणाले, “ते ठीक. झाड नसेल तिथं?” मग त्यांनी पाठकोऱ्या चलनावर आम्हालाच वजने लिहायला लावली. खोली ७०० किलो. पाणी २००, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आम्ही चौथीत शिकलो होतो आणि इंजिनिअरिंगला येईतो विसरलो होतो. डिझेल १५०. बॅटऱ्या १२०. आम्ही चौघे धरून माणसांचे २६०. असे करत बेरीज २१२० वर गेली. दीड टनाच्या गाडीवर आमचे निव्वळ स्वप्नच सहाशेवीस किलो जास्त झाले होते, आणि त्यात अजून तांदळाचा डबासुद्धा धरलेला नव्हता.

हे वजनाचे प्रकरण गमतीवारी नेण्यासारखे नाही. गाडी जड झाली की ती केवळ तेल जास्त पीत नाही. तिचे ब्रेक, पाटे, ॲक्सल, टायर ही सगळी एका ठरावीक ओझ्याच्या हिशेबाने बनवलेली असतात. त्यातून हे ओझे टपावर चढले, तर उतारावर आडव्या चालीत गाडी कलंडायला वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती. ट्रकची चेसी शिडीसारखी असते आणि खडबडीत वाटेवर ती पिळली जाते. पिळली जावी अशीच तिची रचना असते. तिच्यावर कडक डबा चारी कोपऱ्यांत घट्ट आवळून बसवला, तर एक तर डबा चिरतो किंवा चेसी. यावरचा उपाय आपल्या घराघरात आहे. ओबडधोबड जमिनीवर चार पायांचा पाट डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाही. म्हणून जाणते लोक असा डबा तीन बिंदूंवर टेकवतात आणि त्यातले बिजागरीसारखे हलते ठेवतात. चेसी खाली पिळते, डबा आपल्या जागी शांत राहतो. मिस्त्रींनी हे आम्हाला चहाचे तीन ग्लास आणि एक फुटपट्टी घेऊन दाखवले.

आता एक मौज सांगतो. जगभरचे या छंदातले लोक ज्या गाडीचे नाव घेताना आवाज खाली आणतात, ती म्हणजे जर्मनीची उनिमोग. तिच्यावर बांधलेल्या मोहिमेच्या गाड्या वाळवंटात, बर्फात, दलदलीत कुठेही दिसतात. ही गाडी कुणी भटक्याने भटकण्यासाठी काढलेली नाही. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भुकेल्या जर्मनीला शेतीसाठी एक यंत्र हवे होते, आणि आल्बर्ट फ्रीडरिख या अभियंत्याने ते १९४५–४६ मध्ये आखले. तिच्या दोन चाकांमधले अंतर किती असावे? १२७० मिलिमीटर. का? तर बटाट्याच्या दोन सऱ्या तेवढ्या अंतरात बसतात म्हणून! पिकावरून जाताना पोट घासू नये म्हणून ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर ठेवली आणि चाकापाशी दंतचक्रे घालून शक्ती खाली उतरवली. नांगरटीत एक चाक घसरले तरी दुसऱ्याने ओढावे म्हणून डिफरन्शियलला कुलूप घातले. एरवी डिफरन्शियलचा स्वभाव असा की, जे चाक घसरते तेच गरगर फिरत राहते आणि जे जमिनीला धरून आहे ते स्वस्थ बसते. (काही समित्यांचे कामकाजही असेच चालते.) बटाट्यासाठी केलेल्या या सगळ्या तजविजी पुढे सहाराला पुरून उरल्या.

बेळगावच्या आसपासच्या शिवारात बटाटा नि रताळे लावणाऱ्या शेतकऱ्यांची मुले आमच्या वर्गात आहेत. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ती खूष झाली. मला मात्र त्या १२७० ने छळायला सुरुवात केली. जमिनीने दिलेले असे एकही माप आमच्या भिंतीवरच्या गाडीत नव्हते. सगळी मापे आमच्या हौसेने दिलेली होती.

अवजड तयारी आणि बेताची तयारी यांची तुलना करायची तर दोन मोहिमा पाहाव्या. १९३१–३२ साली सित्रोएन कंपनीने बैरूतहून पेकिंगपर्यंत पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांचा मोठा तांडा नेला. त्यातल्या दोन गाड्या श्रीनगरहून गिलगिटकडे हिमालयातून न्यायचा घाट घातला गेला. वाट खचलेली, तेव्हा गाड्यांचे भाग सुटे करून माणसांच्या पाठीवरून नेले, पुढे पुन्हा जोडले. गिलगिटला त्या सोडून द्याव्या लागल्या आणि पुढला प्रवास घोड्यांवरून व पायी झाला. पराक्रम मोठा, यात शंका नाही. पण शेवटी कुणी कुणाला नेले, हा प्रश्न उरतोच. दुसरी मोहीम आपल्यासारख्या विद्यार्थ्यांची. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा जण सप्टेंबर १९५५ मध्ये दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोचले. गाड्या कारखान्यात नेहमी निघणाऱ्यांपैकीच, ८६ इंची, दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, आणि थोडेफार जोडकाम. त्यातली ‘ऑक्सफर्ड’ नावाची गाडी २०१९ मध्ये सिंगापूरहून उलट लंडनला गेली. मूळ सहांतले टिम स्लेसर आजारपणामुळे निघू शकले नाहीत, तेव्हा त्यांचा नातू त्यांच्या जागी बसला. ज्या गाडीचा पाना कुठल्याही गावच्या गॅरेजात सापडतो ती गाडी आजोबांपासून नातवापर्यंत चालते, असे मला तरी वाटते.

येथे एक सूज्ञ वाचक मला अडवील आणि म्हणेल, “बाबा रे, तू गाडी बांधशील, पण कायदा?” खरे आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे की, कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पुष्कळ मित्र या कायद्यावर दात-ओठ खातात. मी खात नाही. कर्णकर्कश सायलेन्सर आणि बाहेर आलेली रुंद चाके घेऊन कॉलेज रोडवर फिरणाऱ्यांना आवर घालायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. इंग्लंडात एकट्यादुकट्या माणसाने बांधलेली एकच गाडी सरकारी तपासणीला नेता येते; ब्रेक, दिवे, सुकाणू सगळे पाहून ती पास किंवा नापास करतात. आपल्याकडे नमुना-गाडीची चाचणी आहे, पुण्याला त्यासाठी नामांकित संस्थाही आहे. परंतु ती वाट शेकडो गाड्या विकणाऱ्या कारखानदाराला परवडणारी. ज्या गावात ओतकाम आणि यंत्रकाम करणारे इतके कुशल हात आहेत, तिथल्या मुलांना एक गाडी बांधून “तपासा, चुकली असेल तर मोडतो” असे म्हणायला खिडकी नसावी, याचे मला वाईट वाटते. भीती अपघाताची असेल, तर तिला तपासणी हे उत्तर आहे.

आता आमच्या बटाट्याच्या सऱ्यांविषयी.

माझे आजोळ खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या आत आहे. या पट्ट्यातल्या आमगावचे नाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत घेतात; आमचे गाव तिथून फार दूर नाही. जूनअखेर जांभ्याची तांबडी वाट लोण्यासारखी होते, नाल्यावरचा साकव पाण्याखाली जातो, आणि गाव पाऊस ओसरेपर्यंत आपले आपण राहते. मी सातवीत असताना श्रावणात आजीच्या पोटात दुखू लागले. बांबूला घोंगडे बांधून तिला डोलीत घातले आणि मामासह सहा जणांनी आळीपाळीने खांदा देत डांबरी रस्त्यापर्यंत आणले. पाच तास लागले. रुग्णवाहिका तिथे उभी होती. तिचा दोष काहीच नव्हता, ती त्याहून पुढे येऊच शकत नव्हती. आजी वाचली. मामाचा उजवा खांदा मात्र अजून पावसाळ्यात धरतो. अशा डोलीच्या बातम्या त्या भागातून अजूनही येतात.

दोन वर्षे मी स्पिती आणि सहारा रंगवत होतो, आणि ही सहा किलोमीटरची मोहीम माझ्या नकाशात नव्हती. हे मी कबूल करतो.

म्हणून आम्ही शीट उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा सुरुवात केली. यंदाच्या मे महिन्यात टेप घेऊन आजोळी गेलो. दोन झाडांमधली सर्वांत अरुंद जागा मोजली, साकवाची रुंदी मोजली, नाल्याच्या उताराचा कोन फोनवर मोजला, मामाला आडवा निजवून तोही मोजला. आता गाडीची रुंदी साकव ठरवतो. मागचा पृष्ठभाग साडेसहा फूट, म्हणजे स्ट्रेचर सरळ आत जाते. त्याची उंची कमरेच्या खाली, म्हणजे दोन बायकांनाही ते उचलून ठेवता येते. भरलेले वजन दोन टनांच्या आत. चारही चाकांना शक्ती, खालचे गिअर, मागच्या डिफरन्शियलला कुलूप. टायरची हवा गरजेप्रमाणे पस्तीस पौंडांवरून अठरा-वीसपर्यंत उतरवता यावी आणि परत भरता यावी म्हणून एक छोटा पंप. इंजिन, क्लच, बेअरिंगे ही खानापूरच्या दुकानात मिळतील तीच. ओटा, कपाटे, सौर तावदाने गेली. निपाणीकरांना तंबू गेल्याचे दुःख अजून आहे.

यावर आमचा धारवाडकडचा मित्र म्हणतो की, हे सगळे भावनेच्या भरात चालले आहे. गावाला गाडी नव्हे, रस्ता हवा. त्याचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. पण तो भाग भीमगड अभयारण्याला लागून आहे. तिथे रस्ता करावा, की गावे बाहेर आणावी, की दोन्ही करू नये, हा वाद माझ्या लहानपणापासून चालू आहे आणि तो माझ्या लेखाने मिटणार नाही. तो मिटेपर्यंत दर वर्षी पाऊस मात्र पडतो. शिवाय जी वाट आहे तिच्यावरूनच, तीही न उखडता जाणारी हलकी गाडी जंगलालाही सोसवेल. हौसेखातर रविवारी नाल्यात गाड्या घालून गढूळ करणाऱ्यांविषयी मला जे वाटते ते संपादक छापणार नाहीत.

मिस्त्रींना नवा नकाशा दाखवला. या वेळी ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेन्सिल घेऊन त्यांनी गाडीच्या मागे एक आडवा पाइप काढला: चार माणसांना दोन्ही हातांनी धरून ढकलता येईल असा. गाडीत एवढा एकच भाग पूर्णपणे त्यांचा आहे. त्याची उंची अजून ठरायची आहे. मिस्त्री म्हणतात, छातीइतका हवा. मामाला फोनवर विचारले, तर तो म्हणाला, “नको रे बाळा, कमरेइतकाच ठेव. चिखलात पाय रोवून ढकलताना माणूस वाकलेला असतो.”