डोळा लवणे : शकुन नव्हे, आजार

प्रश्न : माझे वय ४६. दोन वर्षांपूर्वी डावा डोळा लवू लागला. बाईचा डावा डोळा लवणे शुभच, असे सासूबाई म्हणाल्या. आता गाल आणि ओठाचा कोपराही ओढला जातो, अगदी झोपेतसुद्धा. बसमध्ये लोकांचा भलताच गैरसमज होतो, त्यामुळे लग्नकार्याला जाणेच सोडले आहे. गोळ्यांनी गुण आला नाही. डॉक्टर बोटॉक्सचे इंजेक्शन घ्या म्हणतात. पण ते तर विष ना? शिवाय नट्या सुरकुत्यांसाठी घेतात, तेच ना?
– एक भगिनी, इंदूर

उत्तर : जागरणाने किंवा थकव्याने पापणी काही दिवस लवते आणि आपोआप थांबते. तुमचा त्रास वेगळा, बहुधा हेमिफेशियल स्पॅझम असावा. मेंदूजवळ चेहऱ्याच्या नसेवर एखादी रक्तवाहिनी दाबली जाते आणि त्या बाजूचे स्नायू आपोआप आखडतात. यात तुमचा काहीच दोष नाही. दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय करून घ्या.

बोटॉक्स मुळात विषच आहे. दूषित अन्नातून पोटात गेले तर ते जीव घेऊ शकते. पण अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी त्याची अत्यल्प मात्रा तिरळेपणावर वापरली. १९८९ मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. सुरकुत्यांसाठीची मान्यता २००२ मधली. म्हणजे आधी ते औषध होते, सौंदर्यप्रसाधन नंतर झाले.

हे औषध नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. बारीक सुईने चेहऱ्यावर काही ठिकाणी टोचतात. इस्पितळात राहावे लागत नाही. काही दिवसांत आराम पडतो आणि तो साधारण तीन ते चार महिने टिकतो. मग पुन्हा टोचून घ्यावे लागते, म्हणून खर्च आधीच विचारा. कधी पापणी ओघळते, डोळा कोरडा पडतो किंवा ओठ किंचित वाकडा होतो. हे काही आठवड्यांत ओसरते. गिळायला, बोलायला वा श्वासाला त्रास झाला, तर मात्र लगेच इस्पितळ गाठा. स्नायूंचा दुसरा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. कायमच्या इलाजासाठी शस्त्रक्रिया आहे, पण ती मेंदूजवळची. ऐकू कमी येण्याचा धोका असतो.

इंजेक्शन ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे, अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट किंवा नेत्रतज्ज्ञाकडेच घ्या. आणि हे उत्तर सासूबाईंनाही वाचून दाखवा. पुढच्या लग्नाला दोघी मिळून जा.