मुरमाड माळाचा हिशेब

सात-बाराच्या उताऱ्यावर 'पोटखराब' असा एक शब्द असतो. इंग्रजी अमलात, १८३० च्या दशकात, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली. मातीची खोली किती, रंग कोणता, खडे किती, हे पाहून शेताची प्रत आण्यांत ठरू लागली. खोल काळ्या जमिनीची प्रत वरची, मुरमाड जमिनीची अगदी खालची. शेतातल्या ज्या तुकड्यात पीक येत नाही तो पोटखराब, आणि गावाच्या हद्दीतला डोंगरउतार पड किंवा गायरान. जमीन सारा किती देईल, एवढाच प्रश्न त्या प्रतबंदीला ठाऊक होता. साम्राज्य गेले, नजर मात्र तीच राहिली. १९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी नकाशासंग्रहाने देशाची सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर जमीन, म्हणजे भूभागाचा जवळजवळ १७ टक्के हिस्सा, पडीक ठरवला. झुडपी माळ आणि खडकाळ उतार त्यातच मोडतात.

ज्याला पडीक म्हटले जाते ते प्रत्यक्षात काय आहे? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले पुरंदर, माण, आटपाडी, सांगोला, जत हे तालुके घ्या. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. काळा कातळ कुजून मुरूम झालेला, आणि मुरमावर वीतभर, कुठे चारच बोटे माती. खडे वजा जाता एवढ्या मातीत पंचवीस-तीस मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी मावत नाही. एका दणक्याच्या पावसात ती तुडुंब होते आणि उरलेले पाणी माती घेऊन उताराला लागते. हजारो वर्षांत असे वाहून गेलेले गाळाचे कण पायथ्याशी साठले, त्यांचीच खालची भारी काळी जमीन झाली. वरचा मुरूम आणि खालची काळी एकाच कातळाची लेकरे आहेत.

या पातळ मातीला धरून ठेवते ते गवत. पवन्या आणि शेडा यांची मुळे मुरमाच्या फटींत उतरतात, आणि पृष्ठभागावरचे दगड पावसाच्या थेंबांचा मार झेलतात. सुधारणेच्या नावाखाली ते दगड वेचून काढले की माती उघडी पडते. चराई बेसुमार झाली की पवन्या हटतो, कुसळी माजते, तिची कुसळे मेंढराच्या तोंडात नि लोकरीत रुततात, आणि अखेर उघडा मुरूम उरतो. जादा चराई होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कुरण वर्षानुवर्षे आक्रसत असता कळपालाच तेवढे गुन्हेगार ठरवणे हा नोकरशाहीचा जुना सोयीस्कर न्याय आहे. पावसाळ्यात याच माळावर धनगराची मेंढरे जगतात, आणि पुढे शेतात बसवली की माळाच्या गवताचे खत काळ्या जमिनीला मिळते. हे उत्पादन कोणत्याही वहीत मांडले जात नाही.

१९७२ च्या दुष्काळात लाखो शेतमजुरांनी खडी फोडली, बांध घातले, तलाव खोदले. त्या संघर्षातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला. पुढे पाणलोट विकासाचे युग आले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडे हे तंत्र चुकीचे नव्हे. परंतु फळ कोणाच्या पदरात पडले? उतारावर कुदळ चालवली भूमिहीनाने, चराईबंदी सोसली शेळीवाल्या विधवेने आणि धनगराने. मुरलेले पाणी मात्र खालच्या बागायतदाराच्या विहिरीला लागले आणि तेथून उसाला गेले. वरचा त्याग सामाजिक आणि खालचा लाभ खाजगी, हे गणित गावोगाव पाहायला मिळते.

ते बदलता येते, हे पुरंदरमधील नायगावने दाखवले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे देवस्थानाची सुमारे चाळीस एकर उजाड डोंगरउताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली, पाणी अडवले, आणि त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता: पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचे नाही, माणशी वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, उसाला पाणी नाही. त्याच दशकात हरियाणातील सुखोमाजरीत पाण्यावर भूमिहीनांचाही हक्क मान्य होताच लोकांनी आपण होऊन डोंगरावरची मोकाट चराई थांबवली. दोन्ही प्रयोगांना मर्यादा होत्या; साखर-सम्राटांच्या प्रदेशात माणशी पाणीवाटपाचा नियम सार्वत्रिक होणे, जमीनसंबंधांना हात न लावता, शक्यच नव्हते. तरीही मुद्द्याला त्यांनी हात घातला.

आज माळावर दुहेरी आक्रमण आहे. पहिले यंत्राचे. वीतभर मातीवर जेसीबीने चर खणले जातात, तेव्हा तळचा मुरूम वर येतो आणि शतकांत साठलेली माती त्याखाली गाडली जाते. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी रोपे लावण्याची मोहीम झाली. ज्या उतारावर झाडाच्या मुळाला जागाच नाही तेथे खड्डे पाडून गवताचा मात्र नाश करायचा, याला वनीकरण म्हणणे धाडसाचेच. दुसरे आक्रमण भाडेपट्ट्याचे. २०२३ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या सौर कृषिवाहिनी योजनेत गायरानासह सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने प्रकल्पांना देण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, ही आपलीच मागणी आहे. पण त्या विजेची किंमत ज्याच्याकडे पंपही नाही आणि विहीरही नाही, त्याने आपल्या कुरणातून का मोजावी?

हा प्रश्न महाराष्ट्राच्या सीमेवर थांबत नाही. कर्नाटकात चळ्ळकेरे येथील अमृतमहल कावलांपैकी सुमारे दहा हजार एकर कुरण सरकारने संरक्षण, अणू व अवकाश संस्थांना दिले. गुराख्यांना कळले ते कुंपण पडू लागल्यावर. आणि २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश देताना, भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनुसार दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला होता. अधिकाऱ्यांना निकालाचा पहिला भाग तोंडपाठ असतो, दुसरा आठवत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी मिळवलेले आज त्याच विस्मरणात गिळले जात आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गायरान कसणारा दलित शेतमजूर आणि त्याच गायरानावर मेंढरे चारणारा धनगर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे सत्ताधाऱ्यांना फार सोपे जाते. जेथे थोडी खोल माती आहे तेथे कसणाऱ्याचा पट्टा, जेथे मुरूम उघडा आहे तेथे गवत व चराईचा सामूहिक हक्क, आणि अडवलेल्या पाण्यात दोघांचाही वाटा, ही मांडणी आपल्या शाखांनी दोन्ही वस्त्यांत बसून करायला हवी. वनजमिनीपुरता तरी फिरस्त्या पशुपालकांचा चराईहक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला आहे. त्याचे दावे दाखल होत नाहीत, ही काही अंशी आपलीही कसूर.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ मध्ये ठराव करून २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. परिसंवाद होतील, पत्रके निघतील. शाखांनी त्याहून साधे काम हाती घ्यावे: तलाठ्याच्या दप्तरातून गायरानाचे गट क्रमांक उतरवून घ्यावेत, भाडेपट्ट्याचे ठराव कोणत्या ग्रामसभेत व किती जणांसमोर झाले ते तपासावे, आणि चर खणण्याआधी उतारावर पहार मारून पाहण्याचा आग्रह धरावा. पहार वीतभरातच मुरमाला लागली, तर तेथे यंत्र उतरू देऊ नये.