ओलीची वही

पावसाळा सुरू झाला की आमच्या इमारतीत दोन गोष्टी ठरलेल्या. जिन्यात छत्र्या वाळत पडतात आणि कोणाच्या तरी छताला डाग पडतो. तीन वर्षांपूर्वी तो डाग आमच्या वाट्याला आला. हॉलच्या कोपऱ्यात, सुरुवातीला भाकरीएवढा. आठ दिवसांत ताटाएवढा झाला, कडेला पिवळसर रेघ धरली आणि रंगाचे पोपडे सोफ्यावर पडू लागले.

वरच्या मजल्यावर खाला राहतात. त्यांची बाथरूम नेमकी त्या कोपऱ्याला लागून. आम्ही घटकाभरही विचार केला नाही. मी स्वतः वर गेले, चहा प्यायले आणि गोड शब्दांत सांगितले, "खाला, तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्याकडे उतरतंय." खाला एकट्या, पेन्शनवर घर चालवणाऱ्या. त्यांनी वाद घातला नाही. गवंडी बोलावला, फरशी उखडली, नहाणी ट्रॅप बदलला, नव्या लाद्या बसवल्या. बारा दिवस आंघोळीला त्या आमच्याकडे खाली येत होत्या. काम संपले आणि पुढच्याच मुसळधार पावसात आमचा डाग पुन्हा ओला.

तेव्हा कुठे मी शाळेची एक अर्धी उरलेली वही काढली. रोज सकाळी स्टुलावर चढून ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची आणि वहीत लिहायचे: तारीख, पाऊस होता का, वारा कोणत्या बाजूचा, वर पाणी किती वापरले. मुले हसायची, म्हणायची अम्मी डागाची हजेरी घेते. ऑगस्टात नऊ दिवस उघडीप मिळाली. खाला रोज आंघोळ करत होत्या, कपडे धूत होत्या, तरी डाग वाळत गेला. दहाव्या दिवशी पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस आला आणि संध्याकाळपर्यंत ओल रेघेच्या पुढे. वरच्या मजल्याची बाहेरची भिंत जिथे स्लॅबवर उभी राहते, त्या सांध्याला नख जाईल एवढी चीर होती. पाणी तिथून शिरत होते, खालांच्या लादीखालच्या मालातून पाच-सहा फूट सरकत होते आणि स्लॅबला जिथे बारीक तडा सापडला तिथे आमच्याकडे उतरत होते.

पाणी शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. म्हणून डाग कुठे आहे यापेक्षा तो केव्हा ओला होतो हे आधी पाहावे. बारा महिने, रात्रंदिवस सारखीच ओल असेल तर संशय नळाच्या पाइपवर, कारण त्यात पाणी कायम दाबाने उभे असते. आंघोळ-धुण्यानंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप किंवा लाद्यांच्या फटी. पावसाबरोबर येत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. इथे थोडा सबुरीचा भाग आहे. गच्चीवरचा कोबा स्पंजासारखा पाणी धरतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही काही दिवस ठिबकत राहते. एका दिवसाच्या नोंदीवरून निकाल लावू नये.

पाइपचा संशय असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे सरकला असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. मीटर नसेल तर टाकीच्या आत पातळीची खूण करा. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला व्हॉल्व्ह गळतो आहे. भिंत नुसती दमट वाटत असेल तर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या हवेची. मग खिडकी उघडणे हाच इलाज.

गच्चीवर पाणी साठवून पाहण्याची पद्धत चांगली, पण एक इंच पाण्याचेच वजन दर चौरस मीटरला 25 किलो होते. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्ची भरू नका. साधी गोष्ट म्हणजे पाण्याच्या बादल्या ओतून तासाभराने बघा, डबके कुठे राहते. कोब्याला दर 100 सेंटिमीटरमागे साधारण 1 सेंटिमीटर उतार हवा. कठड्याच्या पायथ्याचा गोलसर वाटा फुटलेला असतो, तोही हाताने चाचपावा. मे महिन्यात पावसाच्या पाइपची तोंडे साफ करा आणि भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता छाटू नका. मूळ आतच राहिले की दुप्पट जोमाने येतो.

आतून वॉटरप्रूफ रंग मारून डाग झाकण्याचा मोह सर्वांना होतो. आम्हीही एकदा मारला. पाणी हातभर बाजूला सरकून पंख्याच्या वायरीपाशी आले. ओल स्विचबोर्डजवळ पोचली तर त्या भागाची वीज बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. स्लॅबमधून तांबूस गंजाचे डाग उतरू लागले तर प्रकरण रंगाच्या पलीकडे गेले. आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे तुकडे निखळून डोक्यावर पडू शकतात. त्या कोपऱ्याखाली पाळणा किंवा पलंग ठेवू नका.

खर्च कोणाचा, यावरून सोसायटीत भांडणे होतात. बहुतेक सोसायट्यांनी स्वीकारलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. घराच्या आतले काम ज्याचे त्याने. अर्ज लेखी द्या, सोबत तारखांच्या नोंदी आणि फोटो जोडा. आमचे काम वहीची झेरॉक्स जोडल्यावरच कमिटीने मंजूर केले. दिवाळीनंतर भिंत कोरडी झाल्यावर चीर खोदून भरली, बाहेरून प्लास्टर झाले. तेव्हापासून डाग कोरडा आहे. पेन्सिलच्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत.

खालांकडे माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी पुन्हा चहाच केला. खर्चातला निम्मा वाटा घ्या म्हटले तर "पुढच्या ईदला बघू" म्हणाल्या. त्यानंतर दोन ईद होऊन गेल्या. त्यांच्या बाथरूमच्या नव्या लाद्या आकाशी आहेत, भिंतीच्या जुन्या हिरव्या. तशी जुळणारी लादी बाजारात मिळाली नव्हती.