दोन रुपयांचा थाट

मुंबई विमानतळाच्या लाउंजमध्ये कार्ड घासलं, दोन रुपये कापले गेले आणि मी साहेब झालो. आत उपमा, इडली, पास्ता, कापलेलं कलिंगड. उपमा कोरडा, सांबार झकास, मशीनची कॉफी गोडमिट्ट. शेजारचे काका पोट भरल्यावरही 'आलोच आहोत तर' म्हणत गुलाबजामांकडे वळले. मीही वळलो.

पण फुकट काहीच नसतं. आपल्या प्रत्येक भेटीचे पैसे बँक लाउंजचालकाला मोजते. म्हणूनच अनेक बँकांनी आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च करण्याची अट घातली आहे. म्हणजे इडलीसाठी आधी हजारोंची खरेदी! तरीही दाराशी रांग असते, कारण बाहेरचा साधा चहाही खिसा कापतो.

खरा प्रश्न तिथेच आहे. कार्ड नसलेल्या, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आजींनी काय करायचं? कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' सुरू झालं. तिथे चहा १० रुपयांना, समोसा २० रुपयांना ठेवला गेला. जे तिथे जमतं ते प्रत्येक टर्मिनलवर सक्तीचं करा. लाउंज हौसेपुरतं राहू दे. भूक भागवायला क्रेडिट कार्ड लागता कामा नये.